सुधीरच्या शेजारची सीट

तिकीटकाका आमच्या प्रत्येक प्रवासात होते, आणि मी त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. पुरी, मनाली, रामेश्वर, कुठलाही अल्बम उघडा. मी, सुधीर, दोन मुलं, आणि कडेला कॅमेऱ्याकडे न बघता सामानाकडे बघत उभे असलेले तिकीटकाका. माहेरची माणसं फोटो बघून विचारायची, "हे कोण गं? तुझे दीर?" मी म्हणायची, "नाही, हे तिकिटाबरोबर येतात."

ते सुधीरचे शाळेपासूनचे मित्र. नाव प्रभाकर, पण उज्जैन स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर नोकरी, म्हणून मुग्धानं लहानपणीच त्यांचं तिकीटकाका केलं आणि ओजसनं ते पक्कं केलं. मी त्यांना भाऊजी म्हणायची, आणि त्या तीन अक्षरांत जेवढा राग मावेल तेवढा भरून म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याच गावात, नानाखेड्याला दोन खोल्यांत एकटे राहायचे, स्वतःची पोळीभाजी स्वतः करायचे. अशा माणसाला सणावारी जेवायला बोलवावं, हे मलाही कळत होतं, आणि मी बोलवायचेही. पण प्रवासात? प्रत्येक?

आमच्या हनीमूनलासुद्धा ते आले होते. हे मी वाढवून सांगत नाही. आम्ही पचमढीला निघालो, तर डब्यात समोरच्या बाकावर हे बसलेले. "मला पिपरियाला जरा काम आहे, वहिनी," म्हणाले. पिपरियाला उतरलो, त्यांनी आम्हाला जीपमध्ये बसवलं, सामान वर बांधून घेतलं, आणि स्वतः परतीच्या गाडीसाठी त्याच फलाटावर जाऊन बसले. पिपरियाला कसलं काम असतं माणसाला? मी सुधीरला विचारलं, तर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "असेल काहीतरी." नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात किती भांडावं, म्हणून मी गप्प बसले. ती माझी पहिली चूक.

गाडीत त्यांची जागा ठरलेली. सुधीरच्या शेजारी. मी दोन्ही पोरं, पाण्याची सुरई आणि पुरीभाजीचे डबे घेऊन समोर, आणि हे दोघे जुळ्या भावांसारखे खिडकीशी. लग्नाला तीस वर्षं होईपर्यंत मी माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसून एक प्रवास केला नव्हता. आणि तिथं बसून हा माणूस बोलायचा तरी काय? स्टेशनं. "आता मक्सी येईल. दोन मिनिटं थांबेल. मग बेरछा. शुजालपूरला समोसे चांगले मिळतात, पण घ्यायचे नाहीत, गाडी सुटते." तासन् तास हेच. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, ड्यूटी संपली ना तुमची?" तर हसून म्हणाले, "अपनी ड्यूटी कुठं संपते, वहिनी!"

गाडीच्या वेळेआधी दोन तास स्टेशनवर पोहोचायचं, हाही त्यांचाच नियम. मी चिडचिड करायची, मुलं फलाटावर लोळायची, आणि हे सुधीरला घेऊन फलाटाच्या अगदी टोकाला, जिथं चिटपाखरू नाही तिथं, फिरत असायचे. काही अडलं, काही हरवलं, की एकच वाक्य: "घबराना नहीं. अपन बैठे हैं ना." तेच तर माझं दुखणं होतं. हे बसलेले असायचे.

मुलांचा मात्र त्यांच्यावर भारी जीव. माझ्या पोटची पोरं, पण बाजू कायम त्यांची. ओजसला ज्या वर्षी बारावीला कमी मार्क पडले, त्या वर्षी तो आधी नानाखेड्याला गेला आणि मग घरी आला. तिथं काय बोलणं झालं कोण जाणे, पण घरी येताना पोरगं कचोरी खात होतं. मी रडून डोळे सुजवून बसलेली, आणि हा कचोरी खातोय! भाऊजी मागून सायकल धरून उभे. "खाऊ द्या, वहिनी. मार्क परत येतील, भूक निघून गेली की येत नाही." मला इतका संताप आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मग मुलं मोठी झाली. मुग्धा पुण्याला, ओजस बंगळुरूला. आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला दोघांनी मिळून आम्हाला क्रूझ दिली. मुंबईहून समुद्रात, तीन रात्री, खाणंपिणं सगळं आत. फोनवर ऐकून मी हरखून गेले. तेवढ्यात मुग्धा म्हणाली, "आणि आई, काकांचंही केलंय. वेगळी केबिन आहे."

"का?" मी ओरडलेच. "समुद्रात कुठली स्टेशनं येतात?"

"बाबा म्हणाले," ती म्हणाली, आणि लगेच विषय बदलला.

जहाजावर पहिल्याच दुपारी सगळ्यांना एका हॉलमध्ये कोंबून, जहाज बुडायला लागलं तर काय करायचं ते शिकवतात. चांगला मुहूर्त! हजार माणसं, फुगलेली नारिंगी जाकिटं, शिट्ट्या. मी वळून बघते, तर भाऊजी सुधीरच्या खांद्याला खांदा लावून उभे आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटताहेत. मी मनात म्हटलं, बोला बाबांनो. जहाज बुडालं तर तुम्ही दोघं एका होडीत बसा, मी पोहून येते.

दुसऱ्या दिवशी आमचा लग्नाचा वाढदिवस. मुलांनी संध्याकाळच्या पहिल्या पंगतीला दोघांचं टेबल राखून ठेवलं होतं. फक्त दोघांचं. पांढरी चादर, मधे एक गुलाब. मी पैठणी नेसले होते. आम्ही बसलो, सूप आलं. बाहेर अजून ऊन होतं, समुद्रावर सोनं पसरलेलं. एवढ्यात भाऊजी आले आणि शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून आमच्यात बसले.

तीस वर्षांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. "भाऊजी," मी म्हटलं, "तीस वर्षांत एक जेवण तरी आम्हा नवराबायकोला जेवू द्याल का? तुम्हाला घर नाही, संसार नाही, म्हणून आमच्या संसारात किती दिवस पाट मांडून बसणार?"

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते मला बोलतानाच कळलं, पण तोंडातून सुटलं होतं.

भाऊजी उठले. खुर्ची जिथली तिथं ठेवली. "बरोबर आहे, वहिनी," म्हणाले आणि दाराकडे चालत गेले. सुधीर त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे रागानं बघत होते, म्हणून मला त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसला.

तेवढ्यात ढोल वाजले. कुणाचा तरी वाढदिवस असावा, वाढपी लोक केक नाचवत आले, माणसं उठून त्यांच्यामागे साखळी करून टेबलांमधून नाचायला लागली. आमच्या टेबलाभोवती माणसांची भिंत झाली. सुधीरनं टेबलाची कड घट्ट धरली. कपाळावर घामाचे थेंब. "श्वास," तो म्हणाला, "श्वास येत नाहीये." मला वाटलं, हार्ट अटॅक. मी गर्दीला कोपरानं ढकलत त्याला कसंबसं दारापर्यंत आणलं.

भाऊजी दाराबाहेरच उभे होते. कुठं गेलेच नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सुधीरला कठड्याशी नेलं, मनगट धरलं आणि शांतपणे म्हणाले, "सुधीर, भोपाळची गाडी. उज्जैनहून सुटली. पुढे?"

मला वाटलं, यांना वेड लागलं.

"तराना रोड," सुधीर कसाबसा म्हणाला.

"मग?"

"मक्सी."

"किती मिनिटं?"

"दोन."

"शाबास. पुढे चल."

बेरछा आलं, अकोदिया आलं. शुजालपूरपर्यंत सुधीरचे खांदे खाली आले. सीहोरला तो नीट श्वास घेत होता. भोपाळ आलं तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मग सगळं कळलं. दोघं विशीत असताना पर्वणीच्या स्नानाला राम घाटावर गेले होते. गर्दीत रेटा आला. सुधीर पायऱ्यांवर पडला, त्याच्यावर माणसं पडली. प्रभाकरनं मनगट धरून त्याला ओढून काढलं. अंगावरच्या जखमा भरल्या, पण तेव्हापासून गर्दी दिसली की सुधीरची छाती बंद व्हायची. सासूबाईंनी सांगितलं होतं, मुलीकडच्यांना कळता कामा नये. म्हणून प्रत्येक प्रवासाआधी हा गुपचूप मित्राकडे जायचा आणि म्हणायचा, तू चल. पिपरियालाही यानंच नेलं होतं त्यांना.

मी शाळेत गणित शिकवते, पण घरातलं हे साधं गणित मला सुटलं नव्हतं. तीस वर्षं माझा नवरा जत्रेला आला नाही, लग्नांत मांडवाच्या दाराशी उभा राहिला, आणि मी त्याला माणूसघाणा म्हणून मोकळी झाले. संताप आधी स्वतःवर आला आणि मग दोघांवर.

"मला का नाही सांगितलंस?" मी सुधीरला विचारलं.

"तू मला भित्रा म्हणाली असतीस."

"आणि तुम्ही?" मी भाऊजींकडे वळले. "मी इतकी वर्षं तुम्हाला टोचून बोलले. आत्ता आत नको ते बोलले. एकदा तरी तोंड उघडायचं!"

"गुपित याचं होतं, वहिनी. मी कसं सांगणार? याला मात्र दहादा म्हटलं, बता दे यार." मग ते थोडे हसले. "आणि टोचण्याचं काय, प्रवासात थोडं ऊन लागतंच."

मी त्यांची माफी मागितली. नीट, हात जोडून. ते इतके संकोचले की म्हणाले, "वहिनी, आत तुमचं सूप थंड होतंय."

पुढचे दोन दिवस ते आमच्याकडे फिरकलेच नाहीत. जादूचे प्रयोग बघितले, बनियन घालून पोहण्याच्या तलावात उतरले म्हणून तिथल्या माणसाशी हुज्जत घातली, नाश्त्याला पोहे नाहीत म्हणून तक्रारवहीत हिंदीत पानभर लिहिलं. सुधीरशेजारी मी होते.

उज्जैनला परतल्यावर इंदूरला सुधीरच्या पुतण्याचं लग्न निघालं. मी स्वतः नानाखेड्याला गेले, पेढे घेऊन, आणि म्हटलं, "भाऊजी, यायचं. यावेळी मी बोलावतेय." ते पेढा हातात धरून बसून राहिले.

"आता माझं काय काम, वहिनी? तुम्हाला कळलंय. तुम्ही सांभाळाल त्याला."

"काम? माणूस काय कामापुरता असतो?" माझा आवाज चढला.

"तसं नाही हो," ते म्हणाले. पण आले नाहीत. त्यानंतर ओंकारेश्वरलाही आले नाहीत, पुण्याला मुग्धाकडेही नाहीत. मी तीनदा बोलावलं, तीनदा भांडले.

ते निवृत्त झाले आणि जबलपूरला त्यांची विधवा बहीण गुडघ्यांनी अंथरुणाला खिळली. तिच्याकडे कायमचं जायचं त्यांनी ठरवलं. रविवारी जाणार, असं आम्हाला सांगितलं होतं. मी शनिवारी रात्री जेवायला बोलावून पुरणपोळीचा बेत ठरवला. शुक्रवारी दुपारी त्यांच्या शेजारणीचा फोन आला, "भाभीजी, भाईसाब तो सामान लेके निकल गए."

मी ऑटोत बसून स्टेशन गाठलं. श्रावण होता. महाकालाच्या दर्शनाला आलेल्या माणसांनी पूल आणि फलाट भरून वाहत होते. जबलपूरवरून जाणारी बिलासपूरची गाडी लागलेली. मी एकेक डबा बघत धावत होते, आणि मनात वाक्यं तयार करत होते. रीतसर निरोप घ्यायची एवढी भीती वाटते का माणसाला? तीस वर्षांचं असं संपवतात?

भाऊजी दारात उभे होते. आणि त्यांच्यासमोर, त्या सगळ्या गर्दीच्या मध्ये, सुधीर उभा होता. एकटा आला होता. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, पण उभा होता.

"यांनी तुला सांगितलं, मला नाही!" मी म्हटलं.

"वहिनी रागावतील म्हणाला," सुधीर म्हणाला.

"रागावणारच!" मी भाऊजींकडे वळले. "उद्या पुरण घालणार होते मी. कुणासाठी घालू?"

"तुम्ही दोघं खा ना," ते म्हणाले. "शेजारी शेजारी बसून."

गाडी हलली. सुधीर चार पावलं गाडीबरोबर चालला, माणसं त्याला धक्के देत होती, आणि मग थांबला. डबा वळणावर दिसेनासा झाल्यावर तो माझ्यापाशी आला. हात थंडगार होता त्याचा.

"चल," तो म्हणाला. "मी बरा आहे."

मी म्हटलं, "मी नाहीये."