तीन आठवड्यांची सुई

बारामतीत मी ज्या दवाखान्यात सिस्टर म्हणून काम करते, तिथं दोनच खोल्या आहेत. पुढच्या खोलीत डॉक्टर तपासतात, मागच्या खोलीत मी असते. डॉक्टरांनी लिहिलेला कागद घेऊन पेशंट माझ्याकडं येतो. मी त्याला नाव विचारते, आधी कधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का ते विचारते, मग औषध काढते आणि देते. दिल्यावर लगेच लिहिते, काय दिलं, किती दिलं, कुठं दिलं. ते लिहून झाल्याशिवाय पुढचा पेशंट आत घ्यायचा नाही अशी मला सवयच लागली आहे. बहुतेक दिवस असेच जातात आणि बहुतेक चेहरे मी संध्याकाळपर्यंत विसरते.

पणदऱ्याची ती मुलगी विसरणं शक्य नव्हतं, कारण ती शाळेत असल्यापासून दर तीन आठवड्यांनी यायची.

पहिल्यांदा आली तेव्हा सातवीत असावी. आधी तिचे गुडघे सुजले, मग घोटे. खेळून दुखत असेल असं घरच्यांना वाटलं. पुढं जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा तिला पुण्याला नेलं. घसा दुखून आलेल्या साध्या तापाचं पुढं दुखणं झालं होतं आणि ते हृदयाच्या झडपेपर्यंत गेलं होतं. इजा थोडीच होती, पण ती वाढू द्यायची नसेल तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यायला हवं, चाळिशीपर्यंत, कदाचित त्याच्यापुढंही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. हे इंजेक्शन द्यायला सगळे तयार होत नाहीत. क्वचित एखाद्याला त्याची मोठी रिअ‍ॅक्शन येते. आमचे डॉक्टर तयार झाले.

पांढरी पावडर असते. पाणी घालून हलवलं की दुधासारखं दाट होतं. कमरेत द्यावं लागतं, सुई जाड घ्यावी लागते आणि औषध सावकाश सोडावं लागतं. मध्येच हात थांबला तर सुई तुंबते. दुखतं, ते वेगळंच. नंतर पेशंटला अर्धा तास बसवून ठेवायचं आणि नजरेसमोर ठेवायचं. त्या अर्ध्या तासात ती शाळेचा अभ्यास करायची. पुढं कॉलेजात गेली तेव्हा मोबाइल बघत बसायची, नाहीतर माझ्याशी बोलायची. कधी रडल्याचं मला आठवत नाही. सुई टोचताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची, एवढंच.

तिचे वडील तिला मोटरसायकलवर आणायचे. थोडा ऊस आणि चार गाई. सकाळचं दूध डेअरीला घालून ते तसेच यायचे. माझ्या खोलीत मात्र ते कधी आले नाहीत, दाराबाहेर पाठ करून उभे राहायचे. मी त्यांना तात्या म्हणायचे.

ती बी.कॉम. झाली आणि इंदापूरजवळच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलाचं पंपाच्या मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, घरी आई आणि तो, दोघंच. सुपारी फुटली. त्यानंतरच्या खेपेला इंजेक्शन देऊन झालं, मुलगी बाहेर बाकावर जाऊन बसली आणि तात्या पहिल्यांदाच आत आले. दार लोटून घेतलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मुलाकडच्यांना या दुखण्याचं काही सांगितलेलं नाही. मुलगी सासरहून दर तीन आठवड्यांनी माहेरी येईल, काहीतरी निमित्त काढता येईल. फक्त तिच्याजवळ इंजेक्शनच्या तारखांचं जे कार्ड असतं, त्यावर हृदयाचं लिहिलं आहे. ते फाडून मी नवं करून द्यावं आणि ताकदीचं इंजेक्शन असं लिहावं.

मी म्हटलं, "तात्या, उद्या तिकडं तिला अचानक दम लागला आणि तिथल्या डॉक्टरनं हे कार्ड बघितलं, तर तो काय समजून औषध देईल?"

"ते पटतंय मला," ते म्हणाले. "पर लगीन मोडलं तर? मग तिला कोण करंल?"

माझ्या माहेरीसुद्धा एका चुलत बहिणीचं लग्न अंगावरच्या पांढऱ्या डागावरून मोडलं होतं. त्यांची भीती खोटी होती असं मी कशी म्हणू? मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले की हा मुलीचा खाजगी प्रश्न आहे, तिच्या सांगण्याशिवाय या दवाखान्यातून एक शब्द बाहेर जाणार नाही, पण कार्डावर दुसरं काही लिहिलं जाणार नाही. तात्यांनी वाद घातला नाही. बाहेर येऊन मुलीला नुसतं "चल" म्हणाले. दोन खोल्यांच्या दवाखान्यात दार लोटून काय होणार, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं चप्पल घातली आणि खाली बघत गेली.

ती पुढच्या खेपेला येईल की नाही याची मला धाकधूक होती. ती बरोबर दिवशी आली, पण तात्यांबरोबर नाही. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "ताई, ते बाहेर थांबलेत. त्यांना आत बोलावू?"

ते म्हणजे तिचा होणारा नवरा. दुकानातून तसाच आलेला, शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलेलं. तिला वाटत होतं मी सांगावं. मी म्हटलं, तूच सांग, कुठं अडलीस तर मी आहे. तिनं सांगितलं. गुडघ्यांपासून सुरुवात केली आणि झडपेपर्यंत आली, न थांबता, जणू प्रवासात पाठ करून आली होती. शेवटी म्हणाली, "तुमाला न्हाय म्हणायचं असंल तर आताच म्हणा. लग्नानंतर लपून इंजेक्शन घ्यायचं मला जमणार न्हाय."

तो तिच्याकडं न बघता माझ्या ट्रेकडं बघत होता. सिरिंज, कापूस, बाजूला रिअ‍ॅक्शन आलीच तर लागणारी औषधं. त्यानं मला विचारलं, "हे इंदापुरात कुणी देतं का?"

मी सांगितलं की विचारावं लागेल. तो म्हणाला, आईशी बोलतो. त्या दिवशी इंजेक्शन घेताना ती पहिल्यांदाच कॅलेंडरकडं न बघता दाराकडं बघत होती.

आठवड्याभरात मुलाची आई आली. सोबत मुलगा, आणि तात्यांनाही तिनं फोन करून बोलावून घेतलं होतं. बाई उंच, शांत. पण राग आलेला दिसत होता. डॉक्टरांना तिनं विचारलं, संसार झेपेल का, मुलंबाळं होतील का. मुलीची संमती फोनवर घेऊन मगच डॉक्टर बोलले. झडप अजून चांगलं काम करते आहे, दिवस जायच्या आधी एकदा पुण्याला दाखवावं लागेल, इंजेक्शन मात्र चुकवता येणार नाही, दिवस गेल्यावरसुद्धा नाही. नीट ऐकून घेऊन ती तात्यांकडं वळली.

"दुखण्याचा राग न्हाय आला मला," ती म्हणाली. "मी सोता रोज पोटात साखरेचं इंजेक्शन टोचून घेती. मला सांगायला तुमची जीभ का अडली, त्याचा आला."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चुकलं म्हणाले, इतक्या हळू की मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. बाईनं मान हलवली. मग दवाखान्याबाहेर टपरीवर त्या तिघांनी चहा घेतला. मी खिडकीतून बघत होते. कोण काय बोलत होतं ते कळत नव्हतं, पण तिघंही बसले होते, कुणी उठून गेलं नाही.

लग्न ठरल्या तारखेला झालं. इंदापुरात मात्र इंजेक्शनाला दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आमच्या डॉक्टरांनी फोन केला, सगळी माहिती लिहून पाठवली. ते तयार झाले, पण त्यांची सिस्टर घाबरत होती. शिकताना एकदा दिलं होतं, त्यानंतर हे औषध हातात घेतलं नाही, म्हणाली. मी माझ्या सुट्टीच्या दिवशी एसटीनं इंदापूरला गेले.

ती सिस्टर माझ्याच वयाची होती. मी सुईला हात लावला नाही, शेजारी उभी राहिले. पावडर विरघळली का ते तिनं उजेडात धरून बघितलं, नाव विचारलं, कार्डावरची मागची तारीख वाचली. मुलगीच म्हणाली, "मागल्या टायमाला उजवीकडं होतं, आज डावीकडं." सिस्टरनं सावकाश औषध सोडलं. हात मध्ये कुठं थांबला नाही. मग तिनं सगळं लिहिलं, सही केली, आणि मला दाखवलं. बरोबर होतं.

सासू बाहेर बसली होती. मुलगी तिच्या शेजारी अर्धा तास बसली. मग जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणत त्या मला घरी घेऊन गेल्या. सासूनं ताटं मांडली, स्वतः आत जाऊन इन्सुलिन टोचून घेतलं आणि आमच्यात येऊन बसली.

आता मुलगी आमच्याकडं येत नाही, यायची गरजही नाही. तात्या येतात, त्यांच्या स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी. परवा आले तेव्हा सांगत होते की पुण्याला दाखवून झालं, आता पोरीला दिवस गेलेत. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "सुई चालू हाय, ताई. इहीणबाई सोता घेऊन जात्यात तिला."

मी त्यांच्या दंडाला ब्लडप्रेशर मोजायचा पट्टा बांधला आणि थोडा वेळ बोलू नका म्हणून सांगितलं.