गुरुवारचा हॉल

आमच्या आकुर्डीच्या हॉलचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. लिहिला असता तर त्यात गायक म्हणून मला घ्यावं लागलं असतं, तेव्हा राहिला ते बरंच झालं.

आधी तिथे मांडवाचं सामान ठेवायची शेड होती. मग फरशी बसली, स्टेज झालं, लग्नं लागू लागली. लग्न नसेल त्या गुरुवारी दुपारी आमचा ऑर्केस्ट्रा. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि दुरुस्तीसाठी लाइट जायची तीही गुरुवारीच, त्यामुळे सगळी गाणी जनरेटरवर. आम्ही पाचही जण कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधले. मशीनच्या दणक्यांनी कान गेलेले, म्हणून हळू गाणं आम्हाला ठाऊकच नव्हतं. पुढच्या खुर्च्या मागे सरकवल्या की नाचायला जागा व्हायची आणि कंपनीतली पोरं वरातीत नाचावं तशी नाचायची. माझ्या गाण्यावर नाचतात, अशी माझी समजूत होती. जनरेटर बंद पडला तरी ती थांबत नसत, हे मी सोयीस्कर विसरायचो.

बायकोने यातलं काही पाहिलं नाही. ती चिखलीला शाळेत शिक्षिका. तिची सुट्टी रविवारी. "एखाद्या रविवारी तुला ऐकवतो," असं मी लग्नापासून म्हणत आलो. त्यासाठी एक रजा टाकायची होती, ती काही टाकली नाही. कधी ओव्हरटाइम असायचा, कधी नुसता आळस.

यंदा हॉल विकला गेला. नव्या मालकाने 'लाइव्ह म्युझिक'ची पाटी करून घेतली, पण ती लावण्याआधी जुन्या ऑर्केस्ट्राचा एक कार्यक्रम व्हावा म्हणून मला फोन केला. "काका, रविवारी तीन वाजता या." मी चक्क रजा टाकली, बायकोला सांगितलं आणि छाती फुगवून हिंडलो. बाकी चौघांना कळवायचं काम माझं. ग्रुपवर मेसेज टाकला: गुरुवारी, तीन वाजता. सुट्टी म्हटलं की बोटांना दुसरा वारच सुचत नाही.

गुरुवारी जेवून लवंडलो होतो, तोच ढोलकीवाल्याचा फोन. "राव, हायेस कुठं? आमी हॉलवर आलोय."

पळत गेलो. आत रंगारी शिडीवर, लाइट गेलेली, चौघं वाद्यं घेऊन उभे.

"रविवारी परत जमेल का रे?"

"न्हाई भावा. आमची शिफ्ट हाय."

बायकोला आता काय तोंड दाखवायचं, हेच कळेना. इतक्यात ती दारातून आत आली. ठेवणीतली साडी, खांद्याला शाळेची पर्स.

"तू इथे कशी?"

"मेसेज टाकताना तुम्ही मोठमोठ्याने वाचत होतात. शेजाऱ्यांनीही ऐकला असेल."

"मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर तुम्ही वार बदलला असता आणि रविवारी ओव्हरटाइम निघाला असता. म्हणून मीच आज रजा काढली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत मला न सुचलेली गोष्ट तिने न बोलता करून टाकली होती. ढोलकीवाल्याने ठेका धरला, तीनदा मला गाणं उचलायला जागा दिली, पण हॉल दणाणून सोडणारा माझा गळा उघडेना. रंगारीसुद्धा ब्रश थांबवून बघत होता.

तिने एक खुर्ची पुसली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"अहो, गा आता. माझी रजा बिनपगारी आहे."