डॉक्टर आबांना बोलले आणि मी गप्प बसलो

कम्युनिटीतल्या पळणाऱ्यांनो, आज मला शिव्या घातल्यात तरी चालेल.

माझ्या गुडघ्यातल्या कूर्चेचं ऑपरेशन नुकतंच झालंय. पायावर भार द्यायचा नाही, गुडघा अजिबात चोळायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मला आवडते ती मुलगी रोज सकाळी कळंबा तलावावर पळायला येते. तिच्यासमोर कुबड्या घेऊन जायची मला लाज वाटत होती.

म्हणून गुडघा चोळून लवकर बरा करा, असं मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या मागं लागलो. आबा जुने पैलवान, तालमीत सगळ्यांची मालिश तेच करायचे. ते नको म्हणाले तसा मी भडकलो. "गावाचं गुडघं चोळलासा, पोराचाच तेवढा जड झाला व्हय?" मग बिचारे रोज तेल कोमट करून बसायला लागले.

आज तपासणीला गेलो तर गुडघा टम्म सुजलेला. तेलाचा वास आला तसे डॉक्टर थेट आबांवरच घसरले. "पैलवान, पोरानं परत पळावं असं वाटतंय की नाही तुम्हाला?"

आबा खाली मान घालून म्हणाले, "चुकलं सायेब. मलाच ऱ्हावलं न्हाय."

एरवी कुणाच्याही अंगावर जाणारा मी, तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी आबांनी, समोर म्हशी पिळून देतात त्या दूध कट्ट्यावरनं धारोष्ण दूध आणलं. पेला हातात दिला, पण रोजच्यासारखे पायाशी बसले नाहीत. हात पाठीमागं धरून दारातनंच विचारलं, "ठणकतंय काय रं?"

डॉक्टरांना उद्या खरं सांगेन. पण आबांची माफी कशी मागू? तुमच्यापैकी कुणी बापाची माफी मागितलीय का? पहिला शब्द काय काढलात?