सुरतेला लेनहार

आमच्या रायपुरात तीजाला सासुरवाशीण माहेरी येते म्हणजे येतेच. तिला आणायला भाऊ जातो, नाहीतर बाप. त्याला इथं लेनहार म्हणतात. लेनहार दारात उभा राहिला की सासू कितीही खाष्ट असो, सुनेची पिशवी भरून देते. आम्ही विदर्भातून आलेले, पण गुढियारीत इतकी वर्षं काढल्यावर आमच्या हरतालिकेचाही तीजा झाला. आदल्या संध्याकाळी कारल्याची भाजी आणि भात खायचा, त्याला करू भात म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्यासाठी पाणीसुद्धा न पिता उपास.

ताईला सुरतेला दिली आणि ती एकाही तीजाला आली नाही. फोन लावला की जवाईच उचलायचा. ताई बोललीच तर "सगळं ठीक आहे" म्हणायची, आणि मागं टीव्ही मोठ्यानं चाललेला असायचा. बाबांचे गुडघे मालधक्क्यावर पोती वाहून गेलेले. घरात भाऊ नाही. मी म्हटलं, मी जाते.

शेजारची काकू दारातच हसली. "पोट्टी कुठं लेनहार होते का वो?"

"या घरात कॉलेजची डिग्री कोणी आणली होती का?" बाबा म्हणाले. "तिनं आणली. मग बहीण नाही आणणार काय?"

मी परतीची दोन तिकिटं काढूनच निघाले. तिथंच माझा हिशोब चुकला. लेनहारालाही कोणी नकार देतं हे मला माहीतच नव्हतं. ताईचं सासर मूळचं जळगावकडचं, दोन पिढ्यांपासून सुरतेत. सासूनं माझ्या हातातला खाऊचा डबा घेतला आणि म्हणाली, "आमच्यात हरतालिका सासरीच करतात. आणायला-बिणायला कोणी येत नाही."

"आल्यासारख्या सुरत तर बघा, मेहुणीबाई," जवाई म्हणाला. कपड्यानं टापटीप, बोलायला गोड. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, इतिहास कळेल तुम्हाला. जाण्याचं मग बघू."

मला ताईशी दोन मिनिटं एकटीनं बोलायचं होतं. ती दोन मिनिटं मिळू नयेत म्हणून त्यानं मला शहर दाखवलं. रात्री आम्हा दोघींच्या मध्ये सासूची गादी.

पहिल्यांदा किल्ला. तापीच्या काठावर, जाड बुरुजांचा, आता झाडूनपुसून तिकीट लावलेला. फिरंग्यांनी शहर जाळलं म्हणून तो बांधला. मग मराठे आले. जवाईनं तोफेवर हात ठेवून छाती फुगवली. "आपल्या लोकांनी लुटलं हे शहर. दिवसच्या दिवस जळत होतं. आणि इथला सुभेदार काय करत होता? या किल्ल्यात दार लावून बसला होता!" तो खदखदून हसला. ताईही हसली. ताई लग्न झाल्यापासून सुरतेत होती आणि किल्ला तिनं माझ्यासोबतच पहिल्यांदा पाहिला.

वर चढताना मी त्यांच्या मागं होते, म्हणून दिसलं. त्यानं तिचा हात हातात घेतला होता, नव्या नवरा-बायकोसारखा. फक्त तिची करंगळी त्याच्या मुठीत उलटी वळलेली होती. तो मला तोफांबद्दल सांगत होता आणि एकेका वाक्यासोबत ती करंगळी थोडी थोडी मागं दाबत होता. ताईच्या मानेची शीर वर आली होती. तोंडातून आवाज नाही.

"भाऊजी, हात सोडा तिचा," मी म्हटलं.

"का? पडेल ना ती. पायऱ्या बघा किती उंच."

संध्याकाळी डुमसच्या काळ्या रेतीवर नेलं. तो भजी घ्यायला गाडीवर गेला, पण तोंड आमच्याकडेच ठेवून. मी ताईचा हात ओढून घेतला. करंगळी मधल्या पेरात वाकडीच जुळलेली होती. बांगड्या वर सरकवल्या तर खाली हिरवे-पिवळे डाग, काही जुने, काही कालचे.

"काहून सांगितलं नाही वो ताई?"

"फोन त्याच्याजवळ राहते."

"आणि सासू?"

"टीव्हीचा आवाज वाढवते." ती समुद्राकडे बघत बोलत होती, म्हणजे लांबून गप्पा वाटाव्या. "तू चालली जा उद्या. तू गेल्यावर मले तुझ्या येण्याचाही मार मिळन."

"तुले घेऊनच जाईन."

"पागल झाली काय? तो मारून टाकीन." हे तिनं भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. तेवढ्यात भजी आली. गरम भजं त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात कोंबलं आणि तोंडावर हात धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तिखट लागलं," तो मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी दुपारची होती. माझी बॅग रिक्षात घेऊनच निघालो, वाटेत शेवटची जागा दाखवतो म्हणाला. गोऱ्या व्यापाऱ्यांचं कब्रस्तान. पावसानं गवत गुडघाभर वाढलेलं आणि त्यात देवळांएवढ्या कबरी, घुमटांच्या, खांबांच्या. एक तर दोन मजली, दोन भावांची. आमच्या आख्ख्या चाळीला जेवढी जागा नाही तेवढी दोन मेलेल्यांना. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, आत आम्ही तिघंच.

त्या दुमजली कबरीच्या पायरीवर मी बॅग ठेवली. "भाऊजी, मी लेनहार म्हणून आले. ताईचं तिकीट आहे. ती माझ्यासोबत येते."

"विचारा की तिलाच," तो हसून म्हणाला. "काय गं, जायचंय तुला?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "हव," ती म्हणाली.

त्यानं मारलं. थप्पड नव्हती ती, मूठ होती. ताईचं डोकं मागच्या खांबावर आपटलं, नारळ आपटावा तसा आवाज आला. ती खाली बसली आणि तिच्या ओठातून रक्ताची धार हनुवटीवरून साडीवर आली. तो दुसऱ्यांदा वाकला तेव्हा माझ्या हातात स्टीलची बाटली होती, आईनं प्रवासाला भरून दिलेली. मी ती त्याच्या तोंडावर मारली. नाक फुटलं. तो थांबला होता, हात नाकावर होते. तरी मी पुन्हा मारलं, कानाजवळ. लोक मला विचारतात, दुसऱ्यांदा काहून मारलं? करंगळीसाठी मारलं. मला त्याचं काही वाटत नाही.

मग त्यानं माझी वेणी धरली. मनगटाला गुंडाळून मला कबरीच्या भिंतीवर आपटलं, एकदा, पुन्हा. चुन्याची चव तोंडात आली. "बीए झाली म्हणून माज आला का?" तो ओरडत होता. मी बीकॉम आहे, हे त्या वेळीही माझ्या डोक्यात आलं.

एकाएकी तोच किंचाळला. ताईनं त्याचं मनगट दातांत धरलं होतं. तो तिच्या पाठीत गुद्दे घालत होता आणि ती सोडत नव्हती. डोळे मिटून, कुत्रीसारखी, फाटलेल्या ओठानं. दात आत रुतले तेव्हा वेणी सुटली. ती थुंकली. कोणाचं रक्त किती होतं, देव जाणे.

"गेलीस तर दार बंद," तो पायरीवर बसून म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "ऐकलंस का? दार बंद!"

ताईनं माझी बॅग उचलली. बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्यानं आम्हाला बघितलं आणि स्टेशन येईपर्यंत दोनदा लाल सिग्नल तोडला.

करू भाताच्या संध्याकाळी आम्ही रायपुरात होतो. ओठाला टाके. कारलं झोंबत होतं, तरी ताईनं ताट चाटूनपुसून खाल्लं. आई तिच्या पाठीवर हात ठेवायची आणि ती दचकली की काढून घ्यायची.

सकाळी तीजा. आख्ख्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया कोरड्या तोंडानं, नव्या साड्या नेसून. ताई ओट्याजवळ गेली. "आई, चहा ठेव."

आईचा हात भांड्यावरच राहिला. दारातून काकू म्हणाली, "आज? उपास नाही का वो तुले?"

"नाही," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, खाली बघितलं नाही.

आईनं काकूकडे पाहिलं, मग त्या ओठाकडे. गॅस पेटवला. बाबा भिंतीला धरून उठले आणि दुधाची पिशवी आणायला निघाले. चांगल्या नवऱ्यासाठी मी शाळेपासून हा उपास धरत आले होते. चहा गाळून झाला तेव्हा मी माझाही कप पुढं केला.