मेडिकलला खरं कोण सांगतं?

नसत्या चौकशा करायची मला भारी खोड. शिकवते भूगोल, पण वर्गात कोण का गप्प बसलंय यातच माझा जीव जास्त. त्यामुळे आमच्या कॉलेजात मुलांच्या मनाची तपासणी करायला मिरजेहून डॉक्टरबाई आल्या, तेव्हा मदतीला मीच पुढे. काळजी, उदासी, झोप, भूक असं एकेकाला विचारायचं आणि ज्याला गरज दिसेल त्याला वेळेत दवाखान्यात बोलवायचं, एवढाच बेत होता.

आणि निघालं काय? अख्खं कॉलेज ठणठणीत! कुणाला कसली काळजी नाही, कुणाला रडू येत नाही, परीक्षा तोंडावर आली तरी सगळे गाढ झोपतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथलं पाणी बाटलीत भरून न्यावं म्हणते." मी हसले, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. एवढं गाढ झोपून येणारी पोरं माझ्या तासाला जांभया का देतात मग?

कॅन्टीनमध्ये एका टोळक्याला गाठलं. आधी नुसती टोलवाटोलवी. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "आवं मॅडम, मेडिकलला खरं कोण सांगतंय व्हय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात घराघरात फौजी. निम्मी पोरं सैन्याच्या नाहीतर पोलिसाच्या भरतीसाठी पळतात. भरतीच्या मेडिकलला, म्हणजे तिथल्या तपासणीत, डॉक्टर विचारतो तो गाळायला, हे त्यांना लहानपणापासून पक्कं ठाऊक. म्हणून आदल्या दिवशीच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, की काहीही विचारलं तरी आपण फिट. पढवलं कुणी, तर शेवटच्या वर्षातल्या एका मुलीनं. वडील निवृत्त हवालदार, ही पोलीस भरतीच्या तयारीत, पळण्यात सगळ्यांच्या पुढे.

राग आला, खोटं कशाला बोलू! पण रागापेक्षा नवल जास्त वाटलं. स्वतःचं दुखणं ही पोरं मरेपर्यंत लपवतील, पण शेजारच्याच्या घरात काय शिजलंय ते न विचारता सांगतील. म्हटलं, मग तसंच विचारू. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "स्वतःचं राहू दे रे बाबांनो. नाव न घेता सांगा, तुम्हाला कुणाची काळजी वाटते?"

वर्गात सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. तास संपल्यावर मात्र एकेक जण दाराशी घुटमळायला लागला. "एक जण डबा तसाच परत नेती मॅडम." "एक जण मैदानात येती, बूट बांधती आन् नुसती बसून राहती. लय दिवस झालं." नाव कुणीच घेतलं नाही, पण सगळ्यांचं बोट त्या पढवणाऱ्या मुलीकडेच होतं.

सकाळी मैदानावर गेले तर खरंच, बुटांच्या नाड्या आवळून पायरीवर बसलेली. मी शेजारी टेकले. म्हटलं, "पळत नाहीस?"

"पाय उचलत न्हाईत मॅडम. यंदा न्हाई जमलं तर घरात लग्नाचं बघायल्यात." मग हळूच म्हणाली, "डॉक्टरला सांगितलं तर भरतीला आडवं यील का?"

डॉक्टरबाईंजवळ बोललेलं डॉक्टरबाईंजवळच राहतं, हे मी तिला परत परत सांगितलं. तिला कितपत पटलं देव जाणे, पण मिरजेला यायला तयार झाली. घरी मात्र मीच सांगायचं, ही अट.

मी घरी सांगितल्यावर हवालदार स्वतःच तिला मिरजेला घेऊन आले. खुर्चीत ताठ बसले, टोपी गुडघ्यावर. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "झोप लागते का गं?"

"पोरगी फिट हाय. एकदम फिट," हवालदारच बोलले.

माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत काहीतरी आलं होतं, ते गिळलं. डॉक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला लागते?"

"एकदम ओके."

तशी पोरीनं मान वर केली. "आप्पा, खोटं नगा बोलू. रातभर तुमची खाट करकरती. मी पलीकडं जागीच असती की."

हवालदार टोपी नुसती हातात फिरवत राहिले. मग घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, बाहेर केसपेपर काढत्यात न्हवं? आमचे दोन काढायला सांगा."