कॉपीच्या फ्लॉप्या आणि माझ्याकडची चावी

टाय लावलेला माणूस दारात बूट काढत होता आणि धोटे सर उभ्या उभ्या पांढरे पडले होते. अलमारीची चावी माझ्या कमरेला होती.

भिलाईत धोटे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे आया होते. झाडायचं, पुसायचं, मशीनवर कव्हर घालायचं, पोरांना बूट बाहेर काढायला लावायचं. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत. फ्लॉप्यांची अलमारीही सरांनी माझ्यावरच टाकली होती. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढा काळा, पातळ चौकोन. त्यात प्रोग्राम भरलेला असतो. प्रोग्राम नसला तर कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. तो विकत मिळायचा, सीलबंद खोक्यात, जाड पुस्तकासकट. आमच्या अलमारीत विकतचा एकही नव्हता. सगळी कॉपी.

मी एकदा सरांना विचारलं होतं, ज्यानं हे बनवलं तो काय खातो? ते म्हणाले, तो काही उपाशी नाही, मावशी. मलाही त्यात फार वावगं वाटलं नाही. कॉलनीत शेजारीण विरजण मागायला येते. चमचाभर दिलं तरी आपलं दही तेवढंच राहतं. फ्लॉपीचं तसंच. वस्तू जागची हलत नाही, म्हणून चोरी झाली असं कोणाला वाटत नाही. लोक फुकट कॉपी का करतात, याचं मला समजलेलं कारण एवढंच.

अस्सल खोका साऱ्या क्लासवाल्यांत मिळून एकच होता. दुर्गच्या एकानं घेतलेला. तपासणीची कुणकुण लागली की तो खोका स्कूटरवर बसून या क्लासमधून त्या क्लासमध्ये जायचा. जो येईल त्याला तोच दाखवायचा. पण आदल्या आठवड्यात त्या दुर्गवाल्यावरच छापा पडला. पोलिसांनी मशीन जीपमध्ये घातल्या. खोकाही नेला.

आता दाखवायला काहीच नव्हतं.

टायवाला माणूस खुर्चीत बसला. नागपूरहून आलो म्हणाला, आणि कंपनीचं नाव सांगितलं. दुकानदारांचे हिशेब करायचा प्रोग्राम त्या कंपनीचा होता. आमच्या अलमारीत त्याच्या चार कॉप्या होत्या. सरांनी पोरांना घरी पाठवलं. त्या माणसानं एकेक मशीन पाहिली आणि अलमारीपाशी थांबला.

"यात काय आहे?"

सर म्हणाले, "मले नाही माहीत. अलमारी मावशीची आहे. चावी तिच्याजवळच राहते."

मुलीची सोयरीक चरोद्याला नुकतीच ठरली होती, रेल्वेवाल्यांच्या घरी. पोलिसांची जीप आमच्या क्वार्टरसमोर उभी राहिली असती तर ते लोक दुसऱ्या दिवशी नारळ परत करून सोयरीक मोडून गेले असते. चौथी शिकलेल्या बाईचं ठाण्यात कोण ऐकतो? तरी बोलले.

"चावी माह्याजवळ आहे, साहेब. आतलं सामान सरांचं आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तो माणूस उठला, त्यानं दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. त्यानं बॅग उघडली आणि दोन कोऱ्या फ्लॉप्या काढल्या.

"घाबरून काहून राहिले? माह्या साळ्याचं रिसालीत दुकान आहे. त्याले हिशेबाचा प्रोग्राम पाहिजे."

सरांनी विचारलं, "तुमच्याच कंपनीचा?"

"आमाले काय फुकट देते का कंपनी?"

सर हसले. जीव परत आल्यासारखे हसले. मला म्हणाले, "उघडा, मावशी."

"आत्ताच म्हटलं ना तुमी, अलमारी माही आहे? मग मी नाही उघडत."

चावी टेबलावर ठेवली आणि चहा करायला गेले. परत आले तोवर त्याच्या फ्लॉप्या भरून झाल्या होत्या. चहा पिऊन जाताना तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात तपासणीचे खरे लोक येऊन राहिले, सामान हलवा. कॉपीचा मोबदला म्हणून त्यानं तेवढी खबर दिली.

सरांनी लगेच फ्लॉप्या थैलीत भरल्या आणि थैली माझ्यापुढे धरली. तुमच्या घरी कोण पाहणार, म्हणाले. मी हात मागे घेतले. मग ते स्वतःच स्कूटरवर उतईला सासऱ्यांकडे ठेवून आले.

तो आठवडा मी रस्त्यावर जीप वाजली की खिडकीशी जायचे. क्लासवर माणसं आली, रिकामी अलमारी पाहून गेली. मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. पुढच्या महिन्यात थैली परत आली आणि कॉप्या पुन्हा सुरू झाल्या. सरांनी चावी माझ्याकडे केली. मी घेतली नाही. पगार झाडण्याचा असेल तर झाडावं, दुसऱ्याच्या कुलपाची चावी कमरेला लावू नये.