आबांच्या गुडघ्याची परीक्षा

मोशीत ज्ञानदेवआबांना “काय आबा, बरं हाय का?” असं विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याची बस चुकते. आबांना हे पक्कं ठाऊक आहे. “चाकणला गाड्यांना ब्रेक बसवत्यात, तसा मला बसवायचा देव इसरला,” असं तेच सांगतात, आणि त्याचीही एक लांबलचक गोष्ट असते.

त्यांची नात मिनल युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. तिकडं युद्ध पेटलं, पोरगी घरी आली आणि अख्खं कॉलेज लॅपटॉपात मावलं. आज तिची तोंडी परीक्षा होती. नापास झाली तर वर्ष वाया. खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम. म्हणून दाराशी राखणीला आबा. पण नातीची परीक्षा बघायची हौस राखणदारालाच! हळूच आत शिरून ते कॅमेऱ्याआड कॉटवर बसले.

पडद्यावर परीक्षक बाई आल्या मात्र, आबांच्या अंगातली गावची शाळा जागी झाली. ताडकन उभं राहून त्यांनी सूर लावला, “नमस्तेऽऽ गुरुजीऽऽ!”

मिनलचा चेहरा पांढराफटक. “आबा!”

“अगं, गुरुजी आल्यावर बसून राहू व्हय?”

बाईंनी इंग्रजीत विचारलं, उत्तरं पुरवायला कोण आणलंय? मिनलनं गुमान लॅपटॉप वळवला. धोतर, टोपी आणि सुजका गुडघा बघून बाईंचा संशय फिटला. त्या म्हणाल्या, “कागदावरचा पेशंट राहू दे. आता यांनाच तपास.”

एवढा मान आबांच्या गुडघ्याला कधी मिळाला नव्हता.

“कधीपासून दुखतंय?” मिनलनं विचारलं.

“त्याचं असं झालं, आपल्या रंगरावाची म्हैस इंद्रायणीत उतरली...”

“म्हैस नको, आबा! सकाळी जास्त दुखतं का?”

“म्हैस सकाळचीच गं...”

“आबा, पाया पडते. नुसतं व्हय नाहीतर न्हाई म्हणा.”

आबांनी घशापर्यंत आलेली म्हैस गिळली. जिना चढताना दुखतं? व्हय. ताप येतो? न्हाई. पूर्वी मार लागला होता?

आबांचे डोळे लकाकले. “व्हय!”

“कशाचा?”

“आता सांगू?”

“सांगा.”

“म्हशीचा!”

मिनलनं कपाळाला हात लावला, मग हसू आवरत बाईंना इंग्रजीत सांगितलं: म्हशीचा जुना मार, झिजलेला सांधा, पुढं काय तपासायचं, काय औषध द्यायचं. बाईंनी पास केलं. पण पडद्यावरून काही त्या हलेनात. म्हणाल्या, “आजोबांना विचार, म्हशीचं पुढं काय झालं?”

आबा मांडी घालायला गेले. गुडघ्यानं नकार दिला, तसे पाय सोडून ऐसपैस बसले.

“मिने,” ते म्हणाले, “गुरुजींना म्हणावं, चहा घेऊन बसा.”